वाचकांचे प्रश्न : नाव, गाव आणि कारण

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत : स्त्रियांनी निर्माण केलेल्या कलाकृती आणि त्यांनी चालवलेले लहान व्यवसाय इतरांना कसे सुचवावेत, आणि सुचवताना नेमके काय सांगावे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षेपाने दिली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या महिला शाखेने 8 मार्चनिमित्त एक फलक लावायचे ठरवले आहे. प्रत्येक सभासदाने स्वतःला आवडलेली एका स्त्रीची कलाकृती आणि एका स्त्रीने चालवलेला छोटा व्यवसाय चिठ्ठीवर लिहून द्यायचा आहे. आतापर्यंत आलेल्या चिठ्ठ्यांत 'खूप सुंदर', 'जरूर वाचा', 'एकदा अवश्य भेट द्या' याखेरीज काही नाही. शिफारस कशी लिहावी, आणि पुस्तकांची सुरुवात कोठून करावी? एका सभासदाने कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' सुचवले आहे. पाककृतींचे पुस्तक कलाकृतींत धरावे का, यावरही आमच्यात दुमत आहे.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. 'जरूर वाचा' एवढ्याने पुस्तकाविषयी काहीच कळत नाही. सुचवणाऱ्याला ते आवडले, इतकेच कळते. माझी सूचना अशी की प्रत्येक चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात : करणारीचे पूर्ण नाव, तिचे गाव किंवा काळ, आणि आवडण्याचे एक असे कारण, जे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला किंवा दुकानाला जसेच्या तसे लावता येणार नाही. तिसरी अट अवघड आहे. ती पुरी करण्यासाठी बहुतेकींना पुस्तक पुन्हा एकदा हातात घ्यावे लागेल, आणि तसे झाले तर फलकाचे निम्मे काम तेथेच झाले असे मी समजेन.

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' माझ्या यादीत नेहमी पहिले असते. चार भागांत 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची चिठ्ठी 'मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र' अशी लिहिली, तर ती खरी असूनही वाचणाऱ्याच्या उपयोगी पडणार नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : 'नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, पुन्हा जुळलेला संसार आणि पुढे स्वतःचे धर्मांतर ही सगळी हकीकत या बाईंनी समोर बसून सांगावी तशी सांगितली आहे. रडू यावे अशा ठिकाणी त्या हसवतात, आणि नवऱ्यावरची माया व त्याच्या लहरीपणाचा वैताग यांतले एकही लपवत नाहीत. ज्यांना आत्मचरित्र म्हणजे मोठ्या माणसांच्या सत्कारांची जंत्री वाटते, त्यांनी येथून सुरुवात करावी.' एवढ्या मजकुरावरून कोणालाही ठरवता येते की हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही. ज्याच्यासाठी ते नाही, त्याला तसे कळणे हाही चांगल्या शिफारशीचा गुण आहे.

आपल्या फलकाच्या दोन्ही भागांना एकाच वेळी शोभेल असे पुस्तक म्हणजे बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं'. फलटणला त्यांनी आधी द्राक्षे विकली आणि पुढे किराणा मालाचे छोटे दुकान चालवले. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचून काढत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून लिहीत, आणि लिहिलेले कागद नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून अनेक वर्षे दडवून ठेवत. हे लेखन आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याची चिठ्ठी लिहिताना केवळ 'दलित स्त्रीचे आत्मचरित्र' असे लिहून थांबू नये. या पुस्तकात बाई स्वतःविषयी फार थोडे बोलतात. त्या सांगतात ती आपल्या महार समाजाची गोष्ट : महारवाड्यातली उपासमार, देवादिकांचे भय, आंबेडकरांच्या चळवळीने बायकांच्या अंगात आलेले बळ, आणि बाहेर माणुसकी नाकारल्या गेलेल्या घरात सुनेला सोसावी लागणारी मारझोड. शेवटची गोष्ट सांगताना त्या आपल्या माणसांचीही गय करत नाहीत, आणि माझ्या मते या पुस्तकाचे खरे धैर्य तेथे आहे.

त्याच्या जोडीला उर्मिला पवार यांचे 'आयदान' (2003) ठेवावे. रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावी त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणून विकत असे, आणि वडिलांच्या माघारी घर त्या विणकामावर चालले. आई विणत होती त्याच चिकाटीने आपण लिहितो, असे नाते लेखिकेने स्वतः जोडले आहे. नव्या वाचकांसाठी कविता महाजन यांची 'ब्र' (2005) ही कादंबरी सुचवेन. आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या बायकांचे पुढे काय होते, हे ज्यांना वर्तमानपत्रातून कधीच नीट कळले नाही, त्यांना ते येथे कळेल.

'रुचिरा'विषयी माझे मत स्पष्ट आहे : ते पुस्तक फलकावर हवेच. 1970 मध्ये आलेल्या या पुस्तकाने आईच्या 'अंदाजाने घाल' या सांगण्याचे वाटी आणि चमचा यांच्या मापात रूपांतर केले, आणि नोकरीसाठी किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींना कोणाला न विचारता घरच्यासारखा स्वयंपाक करता येऊ लागला. हातातले ज्ञान कागदावर इतक्या काटेकोरपणे उतरवणे हे लेखनच आहे, आणि ते अवघड लेखन आहे.

प्रश्न : स्त्रीने लिहिले म्हणून पुस्तक सुचवायचे, स्त्रीचे दुकान म्हणून तेथून घ्यायचे, हे मला पटत नाही. गुण पाहावा, करणारा कोण ते पाहू नये. चांगले काम आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, असा माझा अनुभव आहे.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : गुण पाहावा, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि या सदरात गुणाशिवाय दुसऱ्या कारणाने मी काहीही सुचवणार नाही. आपले शेवटचे वाक्य मात्र मला मान्य नाही. आपल्याच विदर्भातले, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे उदाहरण पाहा. सुरतेच्या एका तरुण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येसाठी शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर झोड उठली. त्या संतापात ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले, आणि ज्या दोषांसाठी बायकांना नावे ठेवली जातात ते दोष पुरुषांत किती आहेत, हे एकेक करून मांडले. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू उचलून धरली, पण टीकाच अधिक झाली. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि होते ते पुस्तकही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे मराठी वाचकाला ते मिळाले. या नव्वदहून अधिक वर्षांत पुस्तकातला गुण कमी झालेला नव्हता. उणीव होती ती ते सांगणाऱ्यांची. म्हणून निवड गुणावर करावी, पण शोधायला मात्र जिथे आजवर कमी पाहिले गेले तिथे आवर्जून जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : मी गेली काही वर्षे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकते. ओळखीच्या बायका माझे नाव चार ठिकाणी सांगतात, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्यांनी पाठवलेली माणसे आल्याबरोबर 'ओळखीचा भाव लावा' म्हणतात. शिवाय माझी ओळख करून देताना 'बिचारी नवऱ्याच्या माघारी एकटी सगळे बघते, तिच्याकडून घ्या' असे सांगितले जाते. ते मला लागते. काही बोलावे तर असलेले गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती वाटते.
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. मालाची शिफारस न करता आपल्या परिस्थितीची शिफारस केली, की येणारा माणूस मदत करायला आल्यासारखा येतो. भाव पाडून मागताना त्याला संकोच वाटत नाही, कारण आपण आलो हेच पुष्कळ, असा त्याचा समज झालेला असतो. असे गिऱ्हाईक एकदा घेते आणि कर्तव्य झाले म्हणून पुन्हा फिरकत नाही. चटणीच्या चवीसाठी आलेले गिऱ्हाईक डबा संपला की परत येते.

त्यामुळे नाव सांगणाऱ्या मैत्रिणींना गप्प करू नका. काय सांगायचे ते त्यांच्या हाती द्या. एका कागदावर चार वाक्ये लिहून ठेवा आणि फोनवरून सगळ्यांना पाठवा. आपले पत्र वाचून मला सुचलेली वाक्ये अशी : 'बाजरीची, तीळ लावलेली कडक भाकरी. पापडासारखी पातळ असल्याने आमटीत चुरली की लगेच मऊ होते, आणि कोरडी ठेवल्यास प्रवासातही टिकते. चटणी उखळात कुटलेली, शेंगदाण्याला स्वतःचे तेल सुटेपर्यंत. वरून तेल घातलेले नाही. मागणी दोन दिवस आधी नोंदवावी.' यांतले जे आपल्या मालाला लागू नसेल ते काढा, जे खरे असेल तेवढेच ठेवा, आणि शेवटी भाव लिहा. भाव लिहिलेला असला की 'ओळखीचा भाव' मागणे बरेच कमी होते. तरीही कोणी मागितला, तर 'भाव सगळ्यांना एकच आहे, पहिल्यांदा घेताय म्हणून चवीला थोडी चटणी देते' असे म्हणावे. भाव मोडू नये, फार तर वानोळा द्यावा. भाव ठरवताना ज्वारी-बाजरी, शेंगदाणे, गॅस, पाकीट यांच्याबरोबर स्वतःच्या तासांची मजुरी धरली आहे ना, हे एकदा तपासावे, कारण घरातून काम करणाऱ्या बहुतेक बायका नेमका तोच आकडा सोडतात.

बायकांच्या खाद्यव्यवसायाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिचा आधार घेण्यासारखा आहे. गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. भिजवलेले पीठ केंद्रातून घ्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी ते तपासून, वजन करून द्यायचे, आणि काम करणारी प्रत्येक बाई संस्थेची मालक, ही तिची घडी आहे. लोकांनी तो पापड दयेपोटी घेतला असता तर चार घरांपलीकडे तो गेला नसता. कोठेही घेतला तरी चव तीच लागते, म्हणून तो गेला. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचेही तसेच. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना त्या महिनाभर दोन वेळ जेवू घालत, आणि महिन्याच्या मधल्या दिवसांत किराण्यासाठी सावकाराच्या दारात जात. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते त्या रोज वेळेवर चुली पेटवून घर चालवणाऱ्या व्यावसायिक आहेत, या बळावर.

'बिचारी'विषयी मात्र स्पष्ट बोला. ज्या मैत्रिणीशी जवळीक आहे तिला एकटीला सांगा की 'माझे घरचे राहू दे, भाकरीचे सांग.' जी आपले नाव सांगते तिला आपले वाईट व्हावे असे वाटत नसते, म्हणून ती समजून घेईल, आणि इतरांपर्यंतही तीच पोहोचवेल.

प्रश्न : प्रदर्शनांतून 'महिला गृहउद्योग' अशी पाटी असलेल्या गाळ्यांवरून मी मुद्दाम खरेदी करते. अलीकडे असे लक्षात आले की काही गाळ्यांवर घाऊक बाजारातला माल नुसता नव्या पाकिटात भरून ठेवलेला असतो. खरा व्यवसाय ओळखावा कसा?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी पाकीट उलटून पाहावे. विकणाऱ्याचे नाव आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. बनवणारीचा पत्ता, तयार केल्याची तारीख, वजन आणि खाद्यपदार्थ असेल तर 14 अंकी अन्नसुरक्षा क्रमांक पाकिटावर असायला हवा. त्यानंतर गाळ्यावरच्या बाईंना कामाविषयी विचारावे : पापडाला पापडखार किती लागतो, लोणच्याची कैरी कोणत्या गावची, पावसाळ्यात सांडगे कोठे वाळवता. जिने स्वतः केले आहे तिची उत्तरे लांबत जातात, आणि त्यांत एखादी तक्रारही असते.

आणखी एक कसोटी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात जातात. माण तालुक्यातल्या म्हसवडला एका कष्टकरी बाईला बचत करण्यासाठी बँकेत खाते उघडू दिले गेले नाही, आणि तेथून चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. बायका अक्षरे शिकून पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. कष्ट बाईचे आणि खाते दुसऱ्याचे असेल, तर 'महिला' या पाटीला फारसा अर्थ उरत नाही. फोनवरून पैसे देताना पडद्यावर नाव दिसते, ते वाचावे.

बचतगटांचा माल एकत्र पाहायचा असेल, तर मुंबईतील महालक्ष्मी सरस आणि आपल्या पुण्यातली भीमथडी जत्रा ही चांगली ठिकाणे आहेत. गर्दीच्या संध्याकाळी न जाता सकाळी जावे, म्हणजे बोलायला वेळ मिळतो. आवडलेल्या गटाचा क्रमांक तेथेच लिहून घ्यावा, कारण प्रदर्शनानंतर वर्षभर जी मागणी येते तीवर त्यांचे खरे चालते.

प्रश्न : माझ्या आईला आता वाचवत नाही. मी परदेशी असते, ती नाशिकला. तिला ऐकता-पाहता येईल असे स्त्रियांचे काही सुचवाल का?
(एक वाचक, म्युनिक)

उत्तर : पाहण्यासाठी सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासह केलेले 'दोघी' आणि 'कासव' हे चित्रपट सुचवते. 'कासव'ला 2016 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. खचलेल्या मुलाला कोणी उपदेश करत नाही, फक्त त्याच्या आसपास धीराने राहतात, हे त्यात फार सुंदर दाखवले आहे. ऐकण्यासाठी, आईंनी लहानपणी जाते पाहिले असेल तर, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकवावा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे गाणे कोणाचेच नव्हते, त्या येथे नावाने भेटतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई कोल्हापूरजवळच्या गावी वाकळ शिवतात. हात इतका सुरेख आहे की बेंगळुरूतल्या माझ्या मैत्रिणी घरी आल्या की पहिल्यांदा तीच उलगडून बघतात. मैत्रिणींच्या समूहात त्यांच्या कामाविषयी लिहावेसे वाटते, पण घरच्याच माणसाची जाहिरात केल्यासारखे होईल म्हणून हात थांबतो.
(एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : नाते पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे : 'या माझ्या सासूबाई.' सांगितलेल्या नात्याचा कोणाला राग येत नाही, मागाहून कळलेल्या नात्याचा येतो. त्यानंतर स्तुतीची विशेषणे टाळून काम दाखवावे. पूर्ण वाकळीच्या एका छायाचित्राबरोबर एक अगदी जवळून घेतलेले असावे, ज्यात धावदोऱ्याचे टाके मोजता येतील, आणि एक उलट्या बाजूचे, कारण जाणकार बाई आधी पाठ बघते. आतले थर कशाचे आहेत, जुनी लुगडी की नवे कापड, ते लिहावे. गिऱ्हाइकाला आपल्या आजीच्या साड्या देऊन वाकळ शिवून घेता येईल का, हेही लिहावे. आजीची साडी कपाटात जपून ठेवलेल्या घरांत अशा वाकळीला मागणी असते.

लिहिण्यापूर्वी सासूबाईंना विचारायला मात्र विसरू नये. त्यांना ही कामे घ्यायची आहेत का, वर्षाला किती जमतील, त्यांचे नाव आणि गावाचे नाव दिलेले चालेल का, हे त्यांनीच ठरवायचे आहे. त्यांची संमती असेल तर प्रत्येक वाकळीच्या एका कोपऱ्यात त्यांचे नाव दोऱ्याने टाचून घ्यावे. वाकळ, ओवी, वारली लग्नात भिंतीवर काढला जाणारा चौक ही सगळी बायकांच्या हातची कामे आजवर निनावी राहिली. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत, आणि त्या चित्रांना जगात मान मिळू लागला तेव्हा त्यांच्याविषयी सांगण्यासारखे कोणापाशी फार काही उरले नव्हते.

व्यवहार असा ठेवावा की निम्मे पैसे काम सुरू करताना आणि निम्मे पाठवण्यापूर्वी, दोन्ही थेट सासूबाईंच्या खात्यात. हाताने भरलेल्या वाकळीला महिनाभर आणि कधी त्याहून अधिक लागतो, हे पहिल्याच निरोपात लिहावे, आणि हिवाळ्यासाठी हवी असणाऱ्यांनी मागणी पावसाळ्यातच नोंदवावी, असेही कळवावे.